सुरू झालेला सुबली

देवळातला क्रूस खाली शहरात नेला हे सेन्यांगला कळलं तेव्हा ती अंगणात कॉफी भाजत होती. लोखंडी कढईतल्या बिया नुकत्याच तडतडू लागल्या होत्या. अशा वेळी उलथनं थांबलं की घाणा करपतो. तरी तिचा हात थांबला. धूर आधी काळा झाला, मग कडू.

"आलिंग सेन्यांग, जळतंय!" कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली.

"जळू दे. कोणी नेला?"

"कापितानच्या जीपमधून गेला. दोघं जण धरून बसले होते. वर ताडपत्री घातली होती."

"ताडपत्री? डुकरांचं खाद्य नेतात तसा नेला?"

"आता मला काय विचारता? तुमच्याच लुदीच्या कचेरीतून माणूस आला होता म्हणे."

सेन्यांगने कढई उचलली आणि जळका घाणा उकिरड्यावर ओतला. शेजारणीने घाईघाईने खिडकी लावून घेतली.

तळ्यावरच्या चढणीला वसलेल्या पूलोंग अनाहाव गावातली माणसं मीठ मागायला आली तरी भांडायला आल्यासारखी वाटतात, असं खालच्या शहरातले लोक म्हणतात. ते खोटं नाही. पण आर्सेनिया माकाटांगाय, म्हणजे सगळ्यांची सेन्यांग मावशी, आलिंग सेन्यांग, हिचा राग या गावाच्या रीतीचा नव्हता. रागावली की तिचा आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा. ती मोठ्याने बोलत असली की लोक निर्धास्त असत. हळू बोलू लागली की पोरं घरी पळत.

तिची आई गावच्या सुबलीची म्होरकी होती. सुबली हा क्रुसाचा नाच. त्याला एक ढोल, फणसाच्या खोडाचा, तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेला. जुन्या भाषेतली कडवी म्हणायची, पुरुषांनी कंबरेत वाकून, गुडघे मोडून, मोडलेल्या माणसासारखं नाचायचं, आणि बायांनी जागच्या जागी पावलं टाकत फक्त मनगटं फिरवायची. सेन्यांग लहान असताना मनगटाबरोबर तिचं कोपरही हलायचं. आईने जुन्या परकराची पट्टी फाडून तिचे दोन्ही दंड बरगड्यांशी बांधले आणि म्हणाली, "आता फिरव." पट्टी सुटली तोपर्यंत चार महिने झाले होते आणि कोपर हलायचं विसरलं होतं. आईने तिला आणखी दोनच गोष्टी शिकवल्या. क्रुसाला पाठ दाखवायची नाही. आणि पहिल्या कडव्याला ढोल वाजला की शेवटच्या कडव्यापर्यंत थांबायचं नाही. अर्ध्यावर सोडलेला सुबली न केलेल्या सुबलीपेक्षा वाईट. तो देवाच्या दारात जाऊन, हाक मारून, देव उठायच्या आत पळून येण्यासारखा. एका वर्षी ज्वालामुखीची राख पडत होती, पोरींच्या टोप्यांवरच्या फिती पांढऱ्या झाल्या होत्या, लोक गाठोडी बांधून ट्रकमध्ये चढत होते. आईने तोंडाला फडकं बांधलं आणि उरलेली कडवी तशीच पुरी केली. ट्रकही थांबला. ड्रायव्हर याच गावचा होता.

पुढे सेन्यांगचं लग्न सिल्वेस्त्रेशी झालं. तो मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत काम करायचा. एका वादळात त्याच्या बोटीची खबर बंद झाली. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, पाद्री येऊन गेला, सासूने काळं वस्त्रही काढून ठेवलं. सेन्यांग देवळात गेली आणि क्रुसाला म्हणाली, "त्याला आण. माझे पाय चालतील तोवर दर तीन मेला, तुझ्या सणाला, पुरा सुबली तुझ्यासमोर घालीन." सिल्वेस्त्रे आला. हात मोडलेला होता, आणि बगलेत कुठल्याशा बंदरातून घेतलेला रेडिओ होता. त्यानंतर तो बारा वर्षं जगला आणि शेवटी लिव्हर सुजून आपल्या अंथरुणात मेला. तेव्हा कोणीतरी सेन्यांगला म्हणालं, आता नवस संपला असेल. ती म्हणाली, "नवस तो परत येण्याचा होता. राहण्याचा नव्हता."

म्हणून दर वर्षी तीन मेला ती नाचली. बरोबरीची माणसं एकेक करून कमी झाली. यंदा पाच जण उरले होते: दोन बाया, दोन पुरुष आणि ढोलावर गावाचे काका, तियो प्लासिदो. प्लासिदोंच्या बोटांची पेरं आल्याच्या कंदासारखी सुजलेली असत.

आणि आता तीन मेला दोन दिवस उरले असताना देवळात क्रूस नव्हता.

लुदी संध्याकाळी आली. लुदिविना ही सेन्यांगची एकुलती मुलगी, शहरात मेयरच्या कचेरीत करारावर लागलेली. तिच्याकडे सुबली महोत्सव होता. तीन वर्षांपूर्वी मेयरने तो सुरू केला: शाळाशाळांची पथकं, पिसांचे मुकुट, बँड, रस्त्यावरून नाचत जाणं, चौकात मंच, परीक्षक, बक्षिसं. मोटारसायकल लावून लुदी आत आली आणि आईच्या हाताला कपाळ लावायला वाकली. सेन्यांगने हात दिला, पण तो ओल्या कपड्यासारखा.

"इनाय, तुम्हाला कळलंच असेल."

"काय?"

"झालं! हळू आवाजात बोलायला लागलात. ऐका तरी. कापितानने गावाचा प्रमुख म्हणून सही करून दिलाय. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. क्रूस मंचावर राहील, सगळ्या शहराला दर्शन होईल. आणि उद्घाटन तुम्ही करायचं. अस्सल सुबली म्हणून. गव्हर्नर येतायत."

"अस्सल. म्हणजे बाकीचे नकली, हे तुम्हालाही ठाऊक आहे तर."

"माझ्या तोंडी शब्द घालू नका. दहा मिनिटं नाचायचं. पहिला भाग फक्त."

"सुबली दहा मिनिटांत येत नाही, लुदी. तो काय फोटो आहे?"

"मग काय तीन तास नाचणार? मे महिन्यात? भर चौकात?"

"मी चौकात नाचायला मागितलंच नव्हतं. मी देवळात नाचते. देवळातला क्रूस कोणी उचलला?"

लुदीने हेल्मेट बाकावर आपटलं. तीही याच गावची. "पाच जण आहात तुम्ही! पाच! तियो प्लासिदोला चमचा धरता येत नाही. तुम्ही गेलात की कोण नाचणार? माझ्याकडे सहाशे पोरं आहेत. चुकीचं नाचतात, मान्य. कोपरं हलवतात, पिसं लावतात. पण नाचतात ना! त्यांना सुबली हा शब्द तरी माहीत आहे. तुमच्या नवसाने किती पोरांना शिकवलं?"

"एकीला शिकवलं होतं," सेन्यांग म्हणाली. "ती पट्टी सोडून पळाली."

लुदीने बाकावरचं हेल्मेट सरळ केलं. मग म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते. हाताला मुंग्या यायच्या."

"सगळ्यांनाच येतात."

लुदीने स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि गुळाशिवाय प्यायली. जाताना दारातून विचारलं, "येणार की नाही, तेवढं सांगा. कार्यक्रम छापायचा आहे."

सेन्यांगने तिच्याकडे पाहिलं. "क्रूस जिथे असेल तिथे मी येणार. सुबली घालणार. छापा."

लुदी निश्चिंत होऊन गेली. तिची चूक झाली ती इथे. दुसऱ्या कोणत्या गावची असती तर ती माफ झाली असती. पण याच गावात जन्मून, याच आईच्या पोटी येऊन तिने सुबलीला कार्यक्रमपत्रिकेत पहिलं नाव दिलं आणि त्यापुढे दहा मिनिटं लिहिली.

तीन मेला सकाळी नऊलाच चौक तापला होता. मंचावर निळं छत, त्याखाली गालिचा, समोर पाहुण्यांच्या खुर्च्या आणि त्यांच्यावर आणखी एक मोठं छत. मंचाच्या मागच्या टोकाला, कापडी पडद्याला टेकवून, क्रूस उभा केला होता. त्याच्या हातांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. दिवे भर उन्हातही लुकलुकत होते.

तियो प्लासिदो ढोल खाली ठेवत म्हणाले, "सेन्यांग, याला तर नाताळचं झाड केलंय गं."

"बघू नका. डोळे मिटून वाजवा."

"मिटलेलेच असतात. मोतीबिंदू आहे."

मनिलाहून आणलेल्या सूत्रसंचालकाने काळा चष्मा डोक्यावर चढवला आणि माइकमध्ये ओरडला, "आता आपल्या लाडक्या आज्या आणि आजोबा! यांचं वय विचारू नका, पावलं बघा!" लोक हसले. पाचही जण मंचावर आले, आणि आल्या आल्या गव्हर्नर, मेयर, परीक्षक या सगळ्यांकडे पाठ करून क्रुसासमोर उभे राहिले.

"लोला, अहो आजी, इकडे! पाहुणे या बाजूला आहेत!"

सेन्यांग न वळता म्हणाली, "मग त्यांना या बाजूला आणा."

चौकात हशा पिकला. मेयरही हसला, गव्हर्नरकडे वाकून त्याने काहीतरी गोड सांगितलं असावं. ढोल वाजला. पहिलं कडवं सुरू झालं. जुना, खरखरीत, एकाच उंचीवर फिरणारा तो सूर लाउडस्पीकरमधून चौकभर गेला आणि बाजारातल्या म्हाताऱ्या विक्रेत्या मासे तोलायच्या थांबल्या.

दहा मिनिटं झाली. सूत्रसंचालकाने टाळ्या मागितल्या, मिळाल्या. "आभार, आभार! आता पहिलं पथक..." ढोल चालूच होता. त्याने पुन्हा आभार मानले. सेन्यांगची मनगटं फिरत राहिली. दुसऱ्या भागाचं कडवं आलं. पुरुष आणखी वाकले.

त्याने माइकवर हात ठेवून लुदीला विचारलं, "या थांबणार कधी?"

लुदीचा चेहरा पडला होता. "थांबत नाहीत," ती म्हणाली. "सुरू झालेला सुबली थांबवत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"इथे सगळेच म्हणतात."

ते खरं होतं. माइक बंद करायला सांगितल्यावर तारा सांभाळणाऱ्या माणसाने बटण दाबलं, पण आधी छातीवर क्रुसाची खूण केली. माइक गेल्याने काही बिघडलं नाही. तो ढोल माइकच्या आधीचा होता. मेयरने पोलिसांकडे पाहिलं. पोलिसांचा हवालदार पूलोंग अनाहावचा. त्याने चपळाईने रस्त्यावरच्या रिक्षांना शिट्टी मारायला सुरुवात केली. कापितान तर खुर्ची सोडून कुठे नाहीसा झाला ते कोणालाच दिसलं नाही.

सेन्यांगला मागचं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला तेव्हा तिला आत कुठेतरी गारवा मिळाला. करा चुळबुळ, ती मनात म्हणाली. क्रूस उचलून आणता येतो, मला दहा मिनिटांत कापता येत नाही, हे कळलं ना? बसा आता. ती रागाने नाचत होती आणि राग तिच्या पायांना औषधासारखा लागू पडला होता. गेल्या वर्षी दुसऱ्या भागातच तिचा डावा गुडघा दुखू लागला होता. यंदा त्याने नावही काढलं नाही.

पण पाहुणे बसले नाहीत. ते उठले आणि कचेरीत गेले, वातानुकूलित दालनात. तिथे भाजलेलं डुक्कर आणि गार सरबत आधीच मांडून ठेवलेलं होतं. मेयरने जेवणाची वेळ अलीकडे घेतली, एवढंच झालं. चौकात मागे राहिली ती पोरं. सहा शाळांची पथकं रस्त्यावर रांगेत उभी होती, डोक्यावर तारेचे मुकुट, अंगाला चिकट रंग, पायाखाली डांबर. नाच झाल्याशिवाय घरी जायचं नाही आणि रांग मोडायची नाही, असं मास्तरांनी बजावलेलं.

तिसऱ्या भागात बायांनी एकदा क्रुसाच्या बाजूने फिरायचं असतं. त्या फेऱ्यात क्रुसाच्या कडेला आल्यावर सेन्यांगची नजर क्षणभर चौकाकडे गेली. रिकाम्या खुर्च्या दिसल्या. त्यांच्यापलीकडे एक मुलगी रांगेतच खाली बसलेली दिसली, मुकुट मांडीत घेऊन, ओठांवरचा लाल रंग हनुवटीपर्यंत ओघळलेला. तिची आई वर्तमानपत्राने वारा घालत होती. आणखी दोघं-तिघं वाकून उलट्या काढत होते.

लुदी मंचाच्या कडेला धावत आली. "इनाय! बस करा! मेयर आत जेवतोय. तो काही तापत नाहीये. पोरं तापतायत!"

सेन्यांगने कडवं संपवलं. दोन कडव्यांमध्ये ढोल एकटा वाजतो, तेवढ्यात ती म्हणाली, "त्यांना उन्हात मी उभं केलं?"

"नाही. मी केलं. आता काय करू? पळवून लावू? परीक्षकांनी बघितल्याशिवाय पोरं गेली तर..."

"तर काय?"

"तर मग माझा करार...!" लुदी ओरडली. कराराचं नेमकं काय, हे तिने सांगितलं नाही.

पुढचं कडवं आलं. सेन्यांगला ते म्हणावं लागलं. म्हणता म्हणता तिने मानेने निळं छत दाखवलं, मग गालिचा, मग समोरच्या मोठ्या छताखालच्या रिकाम्या खुर्च्या. लुदी पाहत राहिली. त्या खुर्च्यांवर कापडी पट्ट्या होत्या, त्यांवर पदं छापलेली.

"त्या राखीव आहेत," लुदी म्हणाली. आपण काय बोललो ते मग तिलाच ऐकू आलं असावं. तिने शिट्टी तोंडात घातली आणि रांगांकडे गेली. "मोडा रांग! सगळ्यांनी सावलीत! खुर्च्यांवर बसा, मंचावर बसा, कुठेही बसा. मुकुट काढा. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा!"

एक मास्तर म्हणाला, "लुदिविनाबाई, परीक्षक..."

"परीक्षक जेवतायत, मास्तर. तुम्हीही सावलीत बसा, नाहीतर तुम्हालाही ओकारी येईल."

पोरं सावलीत घुसली. गव्हर्नरच्या खुर्चीत तीन जणी एकमेकींच्या मांडीवर बसल्या. मंच भरला. गालिच्यावर पिसं, चपला, बर्फाच्या पिशव्या, वारा घालणाऱ्या आया. पाच म्हाताऱ्यांना नाचायला क्रुसासमोर जेमतेम जागा उरली. पोरांनी भक्तिभावाने पाहिलं असं म्हणता येणार नाही. काही झोपली. दोघांनी वाकून नाचणाऱ्या आजोबांची नक्कल केली आणि आयांच्या चापट्या खाल्ल्या. तियो प्लासिदोंची बोटं फुटली. ढोलाच्या कातड्यावर तपकिरी ठिपके दिसू लागले. ते डोळे मिटून वाजवत राहिले.

पुरा सुबली झाला. शेवटचं कडवं संपलं तेव्हा सेन्यांग गुडघ्यांवर बसली आणि कपाळ गालिच्याला टेकलं. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं.

मग पाहुणे परत आले. पथकं नाचली, घाईघाईत, निम्मी पिसं नसलेली. मेयरने भाषण केलं नाही. मंचाच्या मागे जाऊन तो लुदीशी बोलला, फार तर दोन वाक्यं. सेन्यांगला ती ऐकू आली नाहीत. मुलीची मान मात्र हलताना दिसली. होकाराची होती ती.

सेन्यांग हिलारियोला घेऊन क्रुसापाशी गेली. हा सुबलीतल्या दोन पुरुषांपैकी थोरला. "उचला. घरी न्यायचा."

कुठूनसा कापितान उगवला. "आलिंग सेन्यांग, रात्री आतषबाजी आहे. तोपर्यंत राहू द्या. सही केलीये मी."

"सही तुमची. क्रूस आमच्या गावाचा. जीप कुठे आहे?"

"जीप... जीप मेयरच्या कामाला दिलीये."

"मग खांद्यावर नेऊ."

"चढ आहे! ऊन आहे! तुम्ही तीन तास नाचलात!"

"म्हणूनच पाय मोकळे आहेत. बाजूला व्हा, कापितान, नाहीतर हातात उलथनं नसलं तरी माझ्याकडून काहीतरी व्हायचं."

तिने क्रुसाला हात घातला. तो सुटेना, दिव्यांच्या माळा पडद्याच्या खांबाला तारेने आवळल्या होत्या. तिने ओढलं, एक दिवा फुटला, बोट कापलं. हळू आवाजात तिने एक शिवी घातली, मग क्रुसाची माफी मागितली, मग दुसरी शिवी घातली.

"सरका," मागून लुदी म्हणाली. तिच्या हातात पक्कड होती. ती खाली बसली आणि एकेक तार तोडू लागली.

"तो काय म्हणाला?" सेन्यांगने विचारलं.

"काही नाही."

"लुदी."

"जूननंतर येऊ नका म्हणाला. झालं? समाधान झालं?"

सेन्यांग उभी राहिली आणि मेयर बसला होता त्या दिशेने निघाली. लुदीने बसल्या जागेवरून तिचा परकर धरला.

"नाही. तुम्ही जाणार नाही."

"सोड."

"नाही सोडत. तुमचा नवस होता, तुम्ही पुरा केलात. मधल्या मध्ये माझी नोकरी घालवलीत. मला न विचारता! माझं भांडण तरी माझ्याकडे राहू द्या. उद्या मी जाईन त्याच्यासमोर. तुम्ही गेलात तर तो लोला म्हणेल, पाया पडेल, फोटो काढून घेईल आणि संपलं."

सेन्यांगच्या ओठांवर पुष्कळ आलं. क्रूस कोणी नेऊ दिला, दहा मिनिटं कोणी छापली, पट्टी कोणी सोडली. मुलीने वर पाहिलं नाही. ती शेवटची तार तोडत होती. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून पकडीवर टपकत होता. नोकरी गेली त्यात आपलाही हात आहे, हे सेन्यांगला कळत होतं, आणि त्याचाही तिला संताप येत होता. तीन तास नाचूनही पुरेसा दमला नव्हता तो संताप.

"मी तुझी माफी मागणार नाही," ती म्हणाली.

"मागू नका. मीही मागत नाही."

तार तुटली. क्रूस पुढे झुकला, तसा दोघींनी एकदमच धरला. लाकूड दिव्यांनी तापलं होतं. हिलारियोने पायथा उचलला, दुसऱ्या पुरुषाने मधला भाग. कापितान हात पुढे करून उभा होता. कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही, तेव्हा त्याने तियो प्लासिदोंचा ढोल उचलला.

"क्रुसाचा उजवा हात तू धर," सेन्यांग मुलीला म्हणाली. "कोपर अंगाशी ठेव. नाहीतर चढावर खांदा निसटतो."

"मला ठाऊक आहे," लुदी खेकसली आणि कोपर अंगाशी आवळलं.

चौकात पुढच्या पथकाचा बँड सुरू झाला होता. ते पाच जण, लुदी आणि कापितान बाजाराच्या बाजूने गावाच्या चढाकडे निघाले.